शुक्रवारी अडणारी बस

त्याच्या बॅगेचा पट्टा नेमका तिच्या शिवणाच्या दुकानासमोर तुटला. स्क्रू-ड्रायव्हर, पकड, तारांची भेंडोळी, सगळं फुटपाथवर पसरलं. एक स्क्रू-ड्रायव्हर घरंगळत तिच्या उंबऱ्यापर्यंत आला.

"पट्टा शिवून मिळेल?" त्याने विचारलं.

बॅगेवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती, घरपोच' असं लिहिलेलं तिने वाचलं. "मिळेल. पण शिवून होईपर्यंत माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

माप घेता घेता समोरच्याची सगळी चौकशी करून मोकळं व्हायचं, हा तिचा स्वभावच. पण हा प्रश्न तिला चार दिवस पोखरत होता. तिच्या बाबांनी तीस वर्षं बस चालवली. पायाचं ऑपरेशन झालं, बस सुटली, आणि बोलणंही जवळजवळ सुटलं. दिवसभर खिडकीशी बसून ते रस्ता बघत. म्हणून तिने बस चालवायचा गेम आणला आणि ताईच्या जुन्या कॉम्प्युटरवर घातला. बाबांनी केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला. इंजिनचा आवाज आला... आणि स्क्रीन काळी. "राहू दे," एवढंच म्हणून ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. ते "राहू दे" तिच्या मनातून जात नव्हतं.

"गेमला दोन जीबी व्हिडिओ मेमरी लागते," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी बघून घेतलं होतं. ग्राफिक्सच्या माहितीत एकूण मेमरी दोन जीबीच आहे. मग अडलं कुठे?"

"त्याच्या खाली आणखी एक आकडा असतो. स्वतःची मेमरी. ती किती?"

तो आकडा तिने वाचलाच नव्हता.

शनिवारी तो घरी आला आणि त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं. एकशे अठ्ठावीस एमबी.

"बाकीची उसनी," तो म्हणाला. "याला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. चित्रं दाखवायची वेळ आली की हा मुख्य मेमरीतून जागा मागून घेतो."

"पण हार्ड डिस्कवर पाचशे जीबी आहेत. ती जागा का नाही चालत?"

"तुमच्या दुकानात मोठं काय? कपाट की कापायचं टेबल?"

"कपाट."

"मग कपाटात ठेवूनच कापता का कापड?"

"म्हणजे... व्हिडिओ मेमरी हे टेबल. ते लहान असलं की सारखं उठून कपाटापाशी जायचं. म्हणून गेम अडतो?"

"मला हे कळायला सहा महिने लागले होते," तो म्हणाला आणि जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तिने उगाचच गळ्यातली मोजपट्टी सारखी केली.

मग त्याने तिला टेक्स्चर म्हणजे काय ते दाखवलं. रस्त्यावरचे खडे, भिंतींच्या विटा, ही सगळी बारीक नक्षी. ती 'लो'वर आणली, रेझोल्यूशन उतरवलं, आणि बस निघाली. भिंती धुरकट होत्या, झाडं पुठ्ठ्याची वाटत होती, पण बाबा पहिल्याच वळणावर पुटपुटले, "आरशात बघ, आरशात." कित्येक दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले.

"आता अडणार नाही," तो निघताना म्हणाला. तिला आनंद झाला... आणि वाईटही वाटलं.

पुढच्या शुक्रवारी बस भर चौकात धक्के खायला लागली. खरं सांगायचं तर ती अडली नव्हती, अडवली होती. टेक्स्चर 'हाय' कोणी केलं हे वेगळं सांगायला नको. टेबलावर मावणार नाही एवढं कापड कसं पसरायचं, हे तिला आता चांगलं ठाऊक होतं. शनिवारी त्याने दोन मिनिटांत काम उरकलं आणि पुढे दोन तास तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली. पंखा एवढा का घरघरतो? फ्रेम म्हणजे काय? त्याला घाई कधीच नसायची. जाताना मात्र बॅगेचा पट्टा हमखास उसवलेला निघायचा, आणि ती तो पुन्हा शिवायची.

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शुक्रवारी बाबांनी माउस बाजूला सारला. "माझी बस तीस वर्षांत एवढी बंद पडली नव्हती. राहू दे." आणि ते खिडकीकडे वळले.

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने तिथल्या तिथे टेक्स्चर उतरवलं, बाबांना हाताला धरून परत आणलं. "चुकलं माझं, बाबा. आता नाही अडायची." उद्या त्यालाही सगळं सांगून टाकायचं, मग तो पुन्हा येवो न येवो, असं तिने ठरवलं.

पण शनिवारी तो हातात एक बुटकं कार्ड घेऊन आला.

"महिनाभर शोधत होतो. तुमचं कॅबिनेट अरुंद, त्यात उंच कार्ड बसत नाही, आणि जास्त वीज खाणारं याला झेपत नाही. हे दोन जीबीचं आहे. सगळी स्वतःची." ते बसवून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "आता कोणी 'हाय' केलं तरी अडणार नाही."

तिचे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"सेटिंग आपोआप वर चढत नाही."

"मग दर शनिवारी आलात कशाला?"

दाराशी जाऊन त्याने बॅग उचलली, तर पट्टा पुन्हा तुटलेला. तिने सवयीने तो हातात घेतला आणि ती थबकली. उसवलेल्या दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं. ही टोकं एका रेषेत होती. इतके दिवस शिवताना तिचं लक्ष पट्ट्यावर नव्हतंच.

"माझी दुहेरी शिवण अशी सुटत नाही," ती म्हणाली. "कात्री?"

"ब्लेड," त्याने कबूल केलं. "दर शुक्रवारी."

तिला हसू आवरेना.

"आता बस अडायची नाही, पट्टाही मी कापणार नाही. मग मी... कुठल्या कारणाने यायचं?"

"कारण कशाला लागतं?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही आवडता मला. एवढं पुरे नाही?"

आत स्क्रीनवर वीट न् वीट दिसत होती. बाबांनी मान वळवली नाही, फक्त हॉर्न दिला.

"दारात उभं राहू नका. आत येऊन बसा दोघं. बस सुटतेय."