विसावा माणूस

इंग्लंडात जवळपास प्रत्येक गावात असतं तसं युद्धस्मारक आमच्या मार्लकोट गावात नाही. पहिल्या महायुद्धाला एकोणीस जण गेले आणि एकोणीसही परतले. दगडावर कोरायला नावच नव्हतं. आजूबाजूची गावं अजून आमच्याकडे जरा तिरकंच बघतात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. भरतीची यादी सापडली: एकोणीस नावं. मग १९१९ सालचा, परतलेल्यांचा फोटो सापडला. चर्चच्या भिंतीपाशी, गणवेशात, वीस जण. भिंगातून मी तीनदा मोजले. फोटोमागे सगळ्यांची नावं होती. विसावं, एमॉस थर्ली. त्याची जन्मनोंद नव्हती, सैन्यातही कुठे नाव नव्हतं. पुढे लग्न मात्र त्यानं इथेच केलं होतं. त्याची मुलगी हेस्टर, चौऱ्याऐंशी वर्षांची, गिरणीशेजारी राहायची.

दुपारी तिच्याकडे चहाला गेलो. फोटो बघून ती म्हणाली, "बाबा."

"आले कुठून ते?"

"स्टेशनवरून, बाकीच्यांबरोबर चालत. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याच्या ओळखीचे असतील."

"कुणी विचारलं नाही?"

"सगळी पोरं घरी आली होती, मास्तर. कोण विचारत बसणार?" तिनं केकची बशी माझ्याकडे सरकवली. "एकोणचाळीसला पोरं पुन्हा निघाली, तेव्हा बाबाही उठून गेले. अकरा गेली, अकरा आली. त्यांच्यामागून बाबा. जाताना केस पांढरे होते, येताना काळेभोर."

"आणि वारले कधी?"

"वारले कुठे? साठ साली फिरायला म्हणून गेले."

मी चष्मा पुसला. "हेस्टरबाई, पुरावा नाही. मला हे नाव वगळावं लागेल."

"चाळीस वर्षं राहिलात इथे, तरी बाहेरचेच राहिलात." मग हळूच म्हणाली, "तुमचा मार्टिन अफगाणिस्तानात आहे ना?"

त्या आठवड्यात आमच्या मुलाच्या, मार्टिनच्या, पलटणीतले दोघे मारले गेले होते. बातम्या लागल्या की माझी बायको ग्रेस रेडिओ बंद करायची.

घरी येऊन मी वीसच्या वीस नावं टाइप केली. स्वतःची लाज वाटली, पण केली.

ऑक्टोबरात मार्टिन सुखरूप परतला. स्टेशनवरून चालतच आला. ग्रेस त्याला बिलगून रडली. तो खूप वाळला होता. पाठीवरची पिशवी त्यानं खाली टाकली आणि दार उघडंच ठेवून आत आला.

"गारठा येतोय रे, दार लाव," ग्रेस म्हणाली.

"थांब, आई," तो म्हणाला. "माझ्याबरोबर आलेत ते, बूट काढतायत."