दिवसाला दोन बोटं

उज्जैनच्या उत्तरेला, कर्कवृत्त जिथे महामार्ग ओलांडतं तिथे, इंदुकाकू शितोळे रोज सकाळी पोह्यांची कढई चढवण्याआधी टेप घेऊन बाहेर जात आणि खांब दुकानापासून किती लांब राहिला ते मोजत. खांब रोज दोन बोटं जवळ येई.

तो साधासुधा मैलाचा दगड नव्हता. पृथ्वीचा कललेला आस हळूहळू सरळ होतोय. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जिथवर येऊन बरोबर डोक्यावर उभा राहतो, ती कर्कवृत्ताची रेषा वर्षाला चौदा-पंधरा मीटर दक्षिणेला सरकते. रेषा दाखवणारा जुना दगड केव्हाच खोटा पडला होता, म्हणून सर्वेक्षण खात्याने रेषेबरोबर आपणहून सरकणारा, छातीएवढा उंच चलस्तंभ बसवला. त्याला सहा आखूड पोलादी पाय आणि डोक्यावर उपग्रहांशी बोलणारी काच. एक पाय उष्ण कटिबंधात, दुसरा समशीतोष्ण कटिबंधात ठेवून फोटो काढायला लोक थांबत, आणि थांबले की पोहे खात.

चार वर्षं काकू त्याची वाट पाहत होत्या. "येतोय हो, येतोय," असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत होत्या. तो दारात येऊन थांबणार नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं तेव्हा खांब भिंतीपासून वीतभर उरला होता.

त्याच आठवड्यात खात्याची अभियंता वैदेही ढमढेरे नोटीस घेऊन आली. दुकान पाडायचं होतं.

"अगं, त्यालाच जरा बाजूला घे की," काकू म्हणाल्या.

"कुठे घेऊ, काकू? इकडे महामार्ग, तिकडे विहीर."

"मग इथेच थांबव."

"मग तो खोटं बोलेल."

वीस वर्षांचं दुकान!  काकू कढईत उगाचच झारा फिरवत राहिल्या. त्यांनी डोळे पुसले आणि दोष मिरच्यांना दिला. मग एकदम वळल्या.

"दारात आलेल्या पाहुण्यासाठी कोणी घर पाडतं का गं? त्याला आत घेतात."

वैदेही हसायला गेली आणि मध्येच थांबली. दुकान पाच मीटर खोल होतं, म्हणजे चार महिन्यांत खांब पलीकडे निघाला असता. पुढच्या-मागच्या भिंतींना दारं पाडायची आणि वर पारदर्शक पत्रा घालायचा, म्हणजे उपग्रह दिसतील. असं करावं असं नियमात कुठे नव्हतं, पण करू नये असंही नव्हतं.

"आणि माझी खुर्ची?" काकूंचे यजमान अण्णा गल्ल्यावरून म्हणाले. ती बरोबर वाटेत होती.

"सरका की! तो खांब असून सरकतो, तुम्हाला काय धाड भरलीय?"

ते चार महिने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाच बाकावर एखादं जोडपं, नवरा उष्ण कटिबंधात आणि बायको समशीतोष्णात, असं बसून पोहे खाई. अण्णा रोज दोन बोटं खुर्ची मागे घेत. बत्तीस वर्षांच्या संसारात ते इतके नियमित कधी हलले नव्हते.

मग एका सकाळी खांब मागच्या दारातून माळावर निघाला.  काकूंनी त्याला कुंकू लावलं, काच सांभाळून त्याच्या माथ्यावर चमचाभर दही ठेवलं.

"जातो म्हणू नये रे," त्या म्हणाल्या. "येतो म्हणावं."

"तो खरंच येणार आहे, काकू," वैदेही म्हणाली. "आणखी दहाएक हजार वर्षं आस सरळ होत राहील, मग पुन्हा कलायला लागेल. रेषा उलटी फिरेल. वीस हजार वर्षांनी पुन्हा इथेच."

"याच दारात?"

"साधारण याच दारात."

गवंडी ते दार बुजवायला विटा रचत होता. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं आणि माळाकडे पाहिलं.

"तेव्हा त्याला आत या म्हणायला," त्यांनी विचारलं, "इथे कोणी असेल ना गं?"