लाल अक्षरं कोण वाचतं?

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ही भर दुपारची गोष्ट आहे. आणि खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या घरात घडलेली. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय...

मामा मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. उभा जन्म त्यात गेला. मामी शेजारी बसून लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मामा समोरच्या मजकुरावर नजर ठेवायचे. मामी विरामचिन्हंही वाचायची. फक्त पूर्णविरामाला ती "थांबा" म्हणायची.

"पूर्णविराम म्हणेपर्यंत माझा चहा गार होतो," असं तिचं म्हणणं.

गेल्या थंडीत मामी गेली. मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या मामांना खायला उठल्या.

त्यात डोळे अधू. एका कादंबरीत "मूल मांडीवर घेतलं"चं "मूल माडीवर घेतलं" झालं आणि मामांच्या नजरेतून सुटलं.

प्रकाशक हसले, पण म्हणाले, "काका, एका टिंबापायी पोर माडीवर चढलं की! पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल हो."

मामा हादरले. काम गेलं तर दिवसभर करायचं काय?

त्यांनी भलामोठा फोर-के टीव्ही आणला आणि कॉम्प्युटरला जोडला. काळी अक्षरं छान मोठी दिसायला लागली. पण दुरुस्त्या लाल अक्षरांत करायच्या असतात, आणि नेमकी तीच फिसकटायची. ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. टिंब दिलंय की नाही, तेच कळेना.

त्या गुरुवारी मामा जेवण उरकून बसले. खिडक्या बंद. पंखा बंद. एक लाल शब्द काही केल्या लागेना. मामा पुढे झुकले...

"अनुस्वार."

अगदी कानामागे. हळू.

मामा गर्रकन वळले. मागे रिकामी खुर्ची.

भास असेल. त्यांनी मूळ प्रत भिंगाखाली धरली. तिथे अनुस्वारच होता.

पुढची लाल ओळ. तीही धूसर. मामांनी श्वास रोखला...

"स्वल्पविराम."

ओळ संपली. आणि...

"थांबा."

मामांच्या डोळ्यांना धार लागली.

भीती नाही वाटली? असं मी नंतर विचारलं होतं.

"भीती कसली रे," मामा म्हणाले. "किती दिवसांनी कोणीतरी माझ्याशी बोललं."

पण तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, पडदा पाहिला आणि हसलो.

"मामा, हा टीव्ही तुमच्या पुस्तकाला सिनेमा समजतोय. म्हणून रंग असे पसरतात."

मी रिमोट घेतला. इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं, शार्पनेस खाली आणला. लाल अक्षरं एकदम लख्ख! फार शहाणपण केल्यासारखं वाटलं मला.

मामा "वा!" म्हणाले. पण त्यांचं तोंड उतरलं होतं.

सोमवारी दुपारी मामा कामाला बसले. प्रत्येक टिंब जागच्या जागी दिसत होतं.

आवाज नाही.

मंगळवारीही नाही.

"अगं, इथे काय लिहिलंय?" मामांनी उगाच विचारलं. शब्द समोर स्वच्छ दिसत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढंच ऐकू आलं. मामी गेली त्या दिवशी घरात निदान माणसं तरी होती. आज कोणीच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर पडदा पुन्हा फिसकटलेला.

"हे कोणी बिघडवलं?"

"मीच," मामा म्हणाले. आणि लाजत, हसत त्यांनी मला सगळं सांगितलं.

मला मामांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच वाटलं.

"मामा, अशाने डोळ्यांची वाट लागेल," म्हणत मी रिमोट उचलला. बटणावर अंगठा ठेवला...

"नको."

माझ्या कानामागे. मानेला कोणाचा तरी श्वास लागला.

मामांचा चेहरा उजळला. "ऐकलंस ना? तिलाही नकोय."

मी मान हलवली. रिमोट खाली ठेवला.

मामांचं काम आता झकास चाललंय. एक चूक सुटत नाही, प्रकाशक खूश आहेत. मामांची तब्येतही सुधारलीय. रोज दुपारी ते मागे एक खुर्ची मांडून बसतात.

पण मी मामीच्या अंगाखांद्यावर खेळलोय. तिचा आवाज मी हजारांत ओळखीन.

तो तिचा नव्हता...

मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?