झडीतलं ऊन

डॉक्टर बन्सीधर लोमटे म्हणजे एक नंबरचा संशयी माणूस. सोनपेठच्या बसस्टँडवर घड्याळात अकरा वाजले तरी तो आधी आपलं मनगट बघणार, आणि दोन्ही जुळली तरी वर चहावाल्याला वेळ विचारणार. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तो रक्तातल्या पेशींवर काम करायचा, आणि असल्या कामाला असलाच माणूस लागतो. नेमकं त्याच्याच वाट्याला हे यावं, याचं नवल वाटतं.

एकोणनव्वद सालच्या भाद्रपदात तो दीड महिन्याची रजा टाकून गावी आला. सोबत दोन लाकडी पेट्या. आला तो बायनाबाईसाठी. बायनाबाई त्याची थोरली बहीण, त्याची अक्का. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अक्कानंच त्याला वाढवलं, रानात राबून शिकवलं. तीन वर्षांपासून तिच्या अंगावर लाल चट्टे उठत होते. गजकर्ण म्हणून मलमं झाली, नायटा म्हणून पाला चोळून झाला. शेवटी मुंबईला नेऊन तपासलं तर निघालं भलतंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडून कातडीत शिरलेल्या. कॅन्सर. तिथली जहाल औषधं तिनं सोसली, डोक्यावरचे केस गेले, रोग काही जागचा हलला नाही. मग म्हणाली, मरायचंच तर आपल्या घरात मरते, आणि परत आली. दिवाळी बघितली तर नशीब, असं मोठ्या डॉक्टरांनी बन्सीधरला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

पेट्यांतलं यंत्र त्यानं स्वतः जुळवलेलं. त्यामागची विद्या परदेशातली, पण तिचं मूळ सोनपेठच्या बांधावरच उगवत होतं. बावची. कोड आलेल्याला बावचीचं बी लावून उन्हात बसवतात, हे गावात कुणीही सांगेल. त्या बियांतलाच गुण गोळीतून पोटात द्यायचा, दोन तासांनी शिरेतून रक्त काढायचं, गरगर फिरवून त्यातला पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करायचा आणि सपाट पिशवीत भरून जांभळ्या नळ्यांच्या उजेडाखाली धरायचा. अंधारात हे औषध म्हणजे गरीब गाय. उजेड पडला की पेशींवर तुटून पडतं. मग ते सगळं परत शिरेत. बन्सीधरनं हे आजवर काचेच्या नळीतल्या पेशींवर केलं होतं, माणसावर कधीच नाही, आणि तशी त्याला परवानगीही नव्हती. त्यानं हे अक्काला काही न लपवता सांगितलं.

"मी काय काचेच्या नळीपरीस हलकी हाय का?" अक्का म्हणाली. "घाल."

अक्काचं घर तीन खोल्यांचं, वर मातीचं सपाट छत, माळवद. मधल्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद डकवून बन्सीधरनं तिथं यंत्र आणि सूक्ष्मदर्शक मांडला. मागच्या खोलीत चांगुणाबाई राहायची. सत्तरी ओलांडलेली, नात्यातली ना गोत्यातली, पण अक्का लग्न होऊन आली तेव्हापासून तिथंच. तिची एक खोड होती. घरात असो की दारात, बोलताना ती कपाळावर हात आडवा धरून डोळे किलकिले करायची, भर उन्हात उभी असल्यासारखी. मोतीबिंदू असेल म्हणून बन्सीधरनं बॅटरी मारून डोळे तपासले. बुबुळं लख्ख होती.

ही बाई दिवसातून दहादा विचारायची, डाक्टरसाब, हे काय करायलाव? दोन दिवस त्यानं पेशी समजावल्या, औषध समजावलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाला, "रक्ताला ऊन दाखवायचं, मावशी. धान्याला दाखवता ना, तसं. कीड मरते." हे मात्र तिला चटकन पटलं. तिनं मान डोलावली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. शंभर पांढऱ्या पेशींत अडतीस बिघडलेल्या होत्या, त्या सदतीस झाल्या. सदतीस म्हणजे अडतीसच, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? अक्का रात्रंदिवस अंग खाजवायची, आणि तो समोर आला की हात पदराखाली घ्यायची.

मग झड लागली. आठ दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी चढलं, माळवदं गळायला लागली, काडेपेटीची काडी पेटेना. लोकांच्या मुगाच्या शेंगांना घरातल्या घरात मोड आले. त्या दिवसांत चांगुणाबाई एका सकाळी सुपात ओल्या शेंगा घेऊन शिडीनं माळवदावर गेली आणि दुपारी खाली आली तेव्हा शेंगा कडकडीत वाळलेल्या. हातात धरली की शेंग तडकत होती. बन्सीधरनं विचारलं, वर चूल पेटवली का? तर म्हणे, वर कशाची चूल, ऊन दाखविलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं समजून त्यानं विषय सोडला. शेंगा गरम होत्या, हे तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं.

तिसरी खेप मंगळवारी होती. आठला गोळी दिली, दहाला रक्त काढलं, फिरवलं, थर पिशवीत भरला, आणि कोपऱ्यावरच्या डीपीत मोठा आवाज होऊन लाईट गेली. पिशवीतल्या पेशी तीन-चार तासांपलीकडे टिकणार नव्हत्या, आणि अक्काच्या अंगात दुसऱ्यांदा काढण्याइतकं रक्त नव्हतं. ही खेप हुकली म्हणजे बहुतेक सगळंच हुकलं. त्यानं पिशवी काळ्या फडक्यात गुंडाळली, चांगुणाबाईला राखण बसवलं आणि माणिकराव मंडपवाल्याकडे जनरेटरसाठी पळाला. जनरेटर होता, त्यात डिझेल नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात बंद होता, दुकानाची एक फळी उघडी नव्हती. चार दारं वाजवून, हातापाया पडून अर्धा डबा डिझेल मिळालं. जनरेटर बैलगाडीत घालून चिखलातनं घरी पोचेपर्यंत दोन वाजले.

फडकं जमिनीवर पडलं होतं. पिशवी नव्हती.

चांगुणाबाई शिडीवरून उतरत होती. घडी घातलेल्या गोधडीवर पिशवी, आणि गोधडी दोन्ही हातांवर, तान्हं लेकरू धरावं तशी.

"लाईट येईना, म्हनून म्या ऊन दाखविलं," ती म्हणाली. "तुमीच म्हनलाव न्हवं?"

"कुठलं ऊन, मावशी? आठ दिवस झालं झड हाय." इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडी गावची बोली आली.

तिनं त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि गोधडी पुढं केली. पिशवी कोमट होती. गोधडी कोरडी होती, आणि तिला तापलेल्या कापसाचा वास येत होता.

तो शिडी चढून वर गेला.

माळवदावर पाय ठरत नव्हता इतका चिखल. आभाळ चुलीतल्या राखेसारखं, खाली टेकलेलं. मधोमध गोधडीएवढा एक तुकडा मात्र कोरडा होता. तिथली पांढरी माती वैशाखात पडतात तशी भेगाळली होती. तिच्यावर थेंब पडतात की नाही, हे त्यानं वाकून बघितलं. पडत होते. माती ओल धरत नव्हती.

त्यानं चपला काढल्या आणि त्या तुकड्यावर उभा राहिला. तळव्याला चटका बसला.

त्यानं खाली बघितलं. पायाशी त्याची सावली होती. आखूड, काळी, धारदार कडांची. भर बाराची सावली. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

वर बघितलं. नुसते ढग.

तो खाली आला. जनरेटर चालू केला, पिशवीतला थेंब काचेवर घेऊन बघितला. पेशी जिवंत होत्या, आणि उजेड मिळाल्यावर दिसायला हव्यात तशा दिसत होत्या. आता हे अक्काच्या शिरेत सोडायचं की ओतून टाकायचं? ज्या गोष्टीला नाव नाही ती बहिणीच्या अंगात कशी सोडायची? अक्का बाजेवरून त्याच्याकडे बघत होती.

"घालतूस का बघत बसतूस?" ती म्हणाली.

त्यानं घातलं.

चौथ्या दिवशी अक्का रात्रभर झोपली. आठव्या दिवशी मोजल्या तर बिघडलेल्या पेशी शंभरात एकवीस. बन्सीधरनं तीनदा मोजल्या, मग नवी काच करून चौथ्यांदा. त्यानंतर मोडका डीपी दुरुस्त झाला, लाईट येऊन-जाऊन राहू लागली, पण त्यानं जांभळ्या नळ्या लावल्या नाहीत. पिशवी भरायची, चांगुणाबाईच्या हातात द्यायची आणि शिडीच्या पायथ्याशी घड्याळ बघत बसायचं. वहीत तो 'प्रकाश' एवढंच लिहायचा आणि पुढचा रकाना कोरा ठेवायचा. एकवीसच्या नऊ झाल्या. चट्टे फिके पडले. अक्कानं एक दिवस भाकरी आणि ठेचा मागून घेतला, नि बन्सीधर घरामागं जाऊन हुंदके देऊन रडला. संशयी माणूस असला म्हणून काय झालं, बहीण ती बहीणच.

एकदा त्यानं चांगुणाबाईला विचारलं, हे ऊन कुणी दाखवलं तुम्हाला? तिनं शेंगा निवडता निवडता सांगितलं, तिला लहानपणी देवी आल्या होत्या, गावातली निम्मी लेकरं गेली. तिच्या मायनं तिला उचलून माळवदावर नेलं.

"मला बी दाखविलं व्हतं," ती म्हणाली, आणि कपाळावरचा हात जरा खाली घेऊन डोळे पुसले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेवटची मोजणी होती. बाहेर पुन्हा भरून आलं होतं. त्यानं ओसरीवर बसून अक्काच्या बोटातला थेंब काचेवर पसरला, रंग दिला, वाळवला, आणि आत येऊन दार लावून घेतलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी इतक्या स्वच्छ त्यानं मुंबईतही बघितल्या नव्हत्या. एकेक कड, एकेक दाणा मोजून घ्यावा. शंभर मोजल्या. मग दोनशे. मग पाचशे. बिघडलेली एकही नाही.

"अक्का," तो आतूनच ओरडला, "एक पण न्हाई गं!"

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग अक्काचा आवाज आला. "मंग च्या ठिवते."

त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवायला बटणाकडे हात नेला.

बटण बंद होतं.

त्यानं वर बघितलं. दाराच्या फटीतून आलेल्या अंधुक उजेडात पंखा थांबलेला दिसला. लाईट सकाळपासूनच गेलेली होती.

त्याचा पिंडच तसा, त्यामुळं तो घाबरला नाही. त्यानं ताडून बघितलं. स्वतःचं बोट टोचलं, ओसरीवर जाऊन दुसरी काच तशीच रंगवली, आत आणून ठेवली, डोळा लावला. अंधार. कितीही फिरवलं तरी अंधार. ती काढून पुन्हा अक्काची ठेवली.

लख्ख.

दाराची कडी वाजली. त्या काळ्या कागदाच्या खोलीत अक्का चहा घेऊन आली. किती दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी, कुणाचा आधार न घेता चालत होती, आणि हसत होती. एका हातात तिनं कपबशी धरली होती. दुसरा हात कपाळावर आडवा होता, डोळे किलकिले.