प्रमाणहात

येमूलांच्या स्वयंपाकघरात मृदुला अंतराळवीराचा हातमोजा घालून शेंगा सोलत होती. शेंगा ओट्यावरच्या पारदर्शक पेटीत होत्या. पेटीतली बरीचशी हवा पंपाने काढून टाकलेली, आणि मोजा पेटीच्या भोकात हवाबंद बसवलेला.

"चंद्रावर शेंगांची चटणी करणार आहेत का गं?" आईने विचारलं.

"बोल्ट फिरवणार आहेत. पण टरफल फुटून दाणा अख्खा राहिला, तर बोल्टची काळजीच नको."

अंतराळात पोशाखाच्या आत हवा असते, बाहेर काहीच नसतं. त्यामुळे मोजा हवा भरलेल्या फुटबॉलसारखा ताठ होतो. प्रत्येक वेळी बोट वाकवायचं म्हणजे त्या हवेशी झुंजायचं. सहा-सात तास असं काम केलं की बोटं सोलवटतात, नखं निघून येतात. मृदुला आणि तिचा वर्गमित्र तौसिफ बागवान यांनी मोज्यात स्मृतितंतू विणले होते. किंचित वीज मिळताच आखडणारा हा धागा. मनगटावरची पट्टी स्नायूची हालचाल ओळखायची आणि बोटाला जोर लावावा लागायच्या आत धागाच मोजा वाकवायचा. शिवण मात्र आईची होती. सोलापुरातल्या कारखान्यात ती वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती. कापडाची घडी नेमकी सांध्यावर कशी पाडायची, हे तिच्याकडूनच दोघं शिकले.

मोजा मुद्दामच लहान हाताचा केला होता. आजवरचा सगळ्यांत छोटा मोजासुद्धा बहुतेक बायकांना सैल होत असे. आंतरविद्यापीठ चांद्र-अभियांत्रिकी स्पर्धेच्या आयोजकांना तौसिफने आधीच विचारून घेतलं होतं. उत्तर आलं होतं: कोणताही आकार चालेल.

स्पर्धेच्या दिवशी पुण्याच्या सभागृहात एकतीस संघ होते. मंचावरच्या निर्वात पेटीत एक यांत्रिक हात होता. त्याला प्रमाणहात म्हणत. प्रत्येक मोजा त्याच्यावर चढवायचा आणि त्याने दहा मिनिटांत किती बोल्ट फिरवले ते मोजायचं.

सोलापूरचा मोजा त्याच्यावर चढेना. तंत्रज्ञाने जोर लावला.

"अहो, थांबा!" मृदुला ओरडली, तोवर अंगठ्याची शिवण टर्रकन उसवली.

पडद्यावर आकडा उमटला: शून्य. खाली शेरा: चाचणीत फाटला.

"तो फाटला नाही, तुम्ही फाडलात," मृदुला मंचावर जाऊन म्हणाली. "डावा मोजा आहे आमच्याकडे. मी स्वतः हात घालते. घरी चाळीस वेळा घातलाय."

"माणसाचा हात आत घालता येत नाही," परीक्षकप्रमुख डॉ. वर्तक म्हणाले. "हे बघा, मोजमाप सर्वांना सारखंच असायला हवं."

"मग हे माप कुणाचं आहे, सर?"

"दोनशे वैमानिकांच्या हातांची सरासरी आहे. साठ वर्षांपासून हीच वापरतात."

"त्या दोनशेंत बायका किती होत्या?"

वर्तकांनी शेजारी पाहिलं. तिथे निवेदिता केळुसकर बसल्या होत्या. गेल्या वर्षी चंद्रावर नऊ दिवस राहून आलेल्या. मृदुलाने त्यांची एकूणएक मुलाखत पाहिली होती. आता या बोलतील, असं तिला वाटलं. केळुसकरांनी समोरचा निकालाचा कागद सरळ केला.

"नियम आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

मृदुला बाहेरच्या व्हरांड्यात येऊन बसली. तौसिफ काहीबाही समजावत होता, तिला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने केळुसकर एकट्याच तिथे आल्या.

"डावा मोजा बघू?"

संघाची पेटी तिथेच होती. तौसिफने पंप लावला. केळुसकरांनी मोज्यात हात घातला आणि आतला बोल्ट उचलून फिरवला. मग पुन्हा फिरवला. नंतर नुसतीच मूठ उघडत-मिटत राहिल्या. हात बाहेर काढला तेव्हा मृदुलाला त्यांची बोटं दिसली. दोन बोटांची नखं वेडीवाकडी उगवत होती.

"पाचव्या दिवशी पाण्याच्या यंत्राचा बोल्ट मला सुटेना," त्या म्हणाल्या. "बोटं मोज्याच्या टोकापर्यंत पोचतच नव्हती. मी अहवालात लिहिलं, बोल्ट अडकला होता."

"खोटं लिहिलंत?"

"हात लहान पडला असं लिहिलं असतं, तर पुढच्या वेळी बाईला पाठवलंच नसतं."

"म्हणून मघाशीही गप्प बसलात?" मृदुला उभी राहिली. "मॅडम, मोजा तुमच्यासाठी केला होता. फाटला तो तुमच्यासमोर. आणि सही तुमची आहे!"

केळुसकर आत निघून गेल्या.

बक्षीस समारंभात त्यांच्या हाती माइक आला. विजेत्यांची नावं वाचून झाली, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"एक दुरुस्ती करायची आहे," त्या म्हणाल्या. "चंद्रावर बोल्ट अडकला नव्हता. मोजा मोठा होता. आज इथे त्याचा उपाय आला होता. आपण तो फाडला, आणि त्यावर मी सही केली."

मागच्या रांगेतून एका मुलीने टाळी वाजवली, मग बऱ्याच जणींनी. शून्य मात्र शून्यच राहिलं.

तीन महिन्यांनी अंतराळ संस्थेचं पत्र आलं. लहान आकाराच्या मोज्याचे आराखडे मागवले होते. मृदुलाने ते आईला दोनदा वाचून दाखवलं. संध्याकाळी बातम्यांत पुढच्या चांद्रमोहिमेचा चमू जाहीर झाला. चौघेही पुरुष. योग्य मापाचे मोजे तयार होऊन प्रत्यक्ष चंद्रावर तपासले जाईपर्यंत महिला अंतराळवीरांना पाठवणार नाहीत, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी, असं प्रवक्ता सांगत होता. केळुसकरांचं नाव राखीव यादीतही नव्हतं.

मृदुला दूरचित्रवाणीसमोर उभीच राहिली. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मृदुला," ती म्हणाली, "मग तिथे हा मोजा तपासणार कुणाच्या हातावर?"