भेडाघाटचं घर

निवृत्तीनंतर भेडाघाटला राहायला जावं की जबलपूरच्या कांचघरातच राहावं, यावर आमच्याकडे दोन महिने बोलणं चालू होतं. मी बोलायचो, माझी बायको इंदिरा ऐकायची. नर्मदेची हवा, रोजचं स्नान, कमी भाडं. उलट बाजूला रविवारची गर्दी, कार्तिक पौर्णिमेचा मेळा, आणि दवाखाना गाठायचा तर जबलपूरच. तारखात्यातले माझे जुने सोबती विष्णुपंत म्हणाले, "पुंडलिकराव, आधी आठ दिवस राहून तर पाहा."

म्हणून १९७९ च्या मार्चमध्ये आम्ही तिथे दोन खोल्या घेतल्या. संगमरवराच्या मूर्तींच्या दुकानांमागे सात घरांची गल्ली होती. उंबऱ्यांवर दगडाची पांढरी पूड, दिवसभर छिन्न्यांची टकटक, आणि त्या सगळ्याखाली धुवांधारचा आवाज. धबधबा अर्ध्या कोसावर, पण भिंतीला हात लावला तरी त्याची थरथर जाणवायची.

पहिल्याच दुपारी शेजारच्या चंपाबाई दारात आल्या. भंडाऱ्याकडच्या, साठीच्या, हातात रिकामी बादली.

"बाई, विळी, सुरी, वरवंटा देऊन ठेवा. चार वाजता आणून देते."

"काहून?" मी विचारलं.

"इथं तसंच करतात जी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

इंदिरेनं सगळं बादलीत ठेवलं. तीन वाजता छिन्न्या थांबल्या, सातही घरांची दारं लागली. लोक झोपत असतील, असं मी समजलो, आणि मलाही डुलकी लागली.

दुसऱ्या दुपारी मी खुर्चीत जागा होतो. तीननंतर एकाएकी धुवांधारचा आवाज बंद झाला. कमी नव्हे, बंद. कानात बोटं घालून काढली, तरी काही नाही. मग समोरच्या बळीरामच्या घरातून धप्, धप् असं ऐकू येऊ लागलं, गादी झोडपावी तसं. माणसाचा आवाज नव्हता. थोड्या वेळानं धबधबा पुन्हा गरजू लागला आणि दारं उघडली. बळीराम नळावर आला. गल्लीतला सगळ्यात मवाळ माणूस, दगडावरसुद्धा हलक्या हातानं घाव घालणारा. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मागून त्याची बायको आली, ओठ फाटलेला. तिनं लोटा भरला आणि त्याच्या हातांवर पाणी ओतलं.

"भाऊ, झालं काय?" मी विचारलं.

"पानी रुक गया था," तो म्हणाला. "आज आमची पाळी होती. तुम्ही नवे आहात. होईल सवय."

मी तीस वर्षं तारयंत्रावर काढलेली. यंत्र थांबलं तर कारण असतं, एवढं मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी चंपाबाई आल्या तेव्हा मी वरवंटा दिला नाही.

"अहो, देऊन टाका," इंदिरा म्हणाली.

"मला पाहायचं आहे."

घड्याळ मी टेबलावर ठेवलं. इंदिरा खाली बसून तांदूळ निवडत होती. तीन वाजून सात मिनिटांनी आवाज थांबला.

भिंतीवर हात ठेवला. थरथर नव्हती.

इंदिरेनं मान वर केली. तिचे ओठ हलले. ऐकू आलं नाही.

मग धबधबा गरजत होता.

मी उभा होतो. घड्याळात तीन अकरा.

वरवंटा माझ्या हातात होता. त्याला केस चिकटले होते.

तांदळात रक्त सांडलं होतं. इंदिरा भिंतीला टेकून बसली होती. तिचा डावा हात मनगटातून वाकडा झाला होता, कानामागून रक्त वाहत होतं.

"मी नव्हतो," मी म्हणालो.

"माहीत आहे."

चंपाबाई न बोलावता आल्या. त्यांनी हळद दाबली, दोन फळ्या लावून हात बांधला. मी ट्रंक ओढली, कपडे कोंबू लागलो.

"चल, पाचच्या बसनं निघू. आधी दवाखाना, मग आपलं घर. इथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

इंदिरा उठली नाही.

"दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "पण हे घर सोडू नका. कांचघरात तुमचा हात कधी उठेल, ते तीस वर्षांत मला कळलं नाही. चहा देताना, जेवताना, एकदा तर पाहुण्यांदेखत. इथं निदान वेळ ठरलेली आहे."

तिनं उजव्या हातानं पदर सावरला आणि चंपाबाईंकडे वळून विचारलं, "दूध कोण आणून देतो जी इथं?"