घनमीटरमध्ये किती लिटर

चेतनाला जाऊन अकरा महिने झाले. आमची ओळख कशी झाली, ते आमच्या लेकीला, अक्षताला, नीट माहीत नाही. म्हणून लिहितो.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका सोसायटीत पंप आणि टाक्या बघायचो. नोकरीला चार महिने झाले होते. एका सकाळी गच्चीत गेलो, तर एक मुलगी टाकीच्या नळाला आग लावत होती. हातात चिमटा, चिमट्यात स्पिरिटचा पेटता बोळा.

"ओ मॅडम, नळाने काय बिघडवलंय तुमचं?"

"जंतू मारतेय," ती मागे न बघता म्हणाली. "नाहीतर नळावरचे जंतू बाटलीत येणार आणि नाव तुमच्या पाण्याचं खराब होणार."

ती कांजूरमार्गच्या एका लॅबमधून पाण्याचा नमुना घ्यायला आली होती. बाटली भरून झाल्यावर तिने काचेच्या छोट्या नळीत थोडं पाणी घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असलं की ते पिवळं होतं म्हणे. आम्ही दोघं नळीकडे बघत राहिलो... रंग आलाच नाही.

टाकीत क्लोरीनचं औषध किती घालता, तिने विचारलं. मी छाती काढून सांगितलं, पन्नास एमएल, अगदी मोजून. कॅनवर लिहिलं होतं, हजार लिटरला दहा एमएल. टाकीवर लिहिलं होतं, पन्नास घनमीटर. मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर, म्हणून घनमीटरमध्ये शंभर लिटर, असं मी धरलं होतं. म्हणजे टाकी पाच हजार लिटरची.

ती हसली नाही. विटेचा तुकडा घेऊन तिने गच्चीवर मीटरभर चौकोन काढला आणि मला त्यात उभं केलं.

"हे लांबीचे शंभर सेंटिमीटर, हे रुंदीचे शंभर. आणि उंचीचे शंभर, तुमच्या कमरेपर्यंत. तिन्ही गुणा. दहा लाख तुकडे, एकेक तुकडा एक एमएल. किती लिटर झाले?"

"हजार," मी म्हणालो.

"आणि मिलीमीटरचे तुकडे केले तर शंभर कोटी. त्या एका तुकड्याला मायक्रोलिटर म्हणतात. माझं अर्धं काम त्यातच चालतं."

मी कमरेपर्यंतच्या त्या रिकाम्या हवेकडे बघत होतो. शंभर कोटी! रोज टाकीत डोकावणारा मी, पण पाणी एवढं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग लक्षात आलं. चार महिने मी औषध दहापट कमी घालत होतो, आणि त्या आठवड्यात बी विंगमधल्या मुलांची पोटं बिघडली होती.

मी तिला विनवलं, आता घालतो, तासाभराने दुसरा नमुना घ्या. तिने पेटी बंद केली.

"घेतला तो घेतला. रिपोर्ट परवा येईल. त्याआधी तुम्ही स्वतः सांगा."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं...

मी लिफ्ट न घेता सात मजले उतरलो, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाकांना सगळं सांगितलं. ते काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाणी उकळून प्या, अशी नोटीस लागली, आणि चूक कुणाची तेही मी खाली लिहिलं. मुलं बरी झाली. लॅबमध्ये जाऊन मोजमाप शिकायचं, या अटीवर कमिटीने मला ठेवलं.

शिकायचं ते दोन शनिवारांत संपलं. मी पाच महिने जात राहिलो. चेतनानेही कधी विचारलं नाही, आता कशाला येतोस म्हणून. फक्त 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही.

एका शनिवारी ती म्हणाली, "हात दे."

मी डावा दिला. तिने बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला, बोटावर कापूस दाबला आणि थेंब पसरून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गोल गोल ठिपके, रक्तातल्या तांबड्या पेशींचे... संपतच नव्हते.

"एका मायक्रोलिटरमध्ये असे पन्नास लाख," ती म्हणाली. "अंगात पाच लिटर रक्त धर. कर हिशोब."

कापूस लावलेल्या डाव्या हाताने मी कागद दाबला. उजव्या हाताने शून्यं मांडली, तिच्यासमोर चुकू नये म्हणून दोनदा मोजली. पाच लिटर म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. पन्नास लाख गुणिले पन्नास लाख.

"पंचवीस लाख कोटी," मी म्हणालो. "माझ्यात?"

"आणि माझ्यातही. थोडे कमी."

मग मी विचारलंच. "माझ्यासारखा माणूस... चालेल तुला?"

"तू मला रिपोर्ट फिरवायला सांगत होतास."

"हो."

"तसं सगळेच सांगतात रे. पण मग कोणी काकांकडे जात नाही."

"घाबरत गेलो होतो."

"माहितीये. जिन्याने गेलास. मी लिफ्टपाशी थांबले होते, सोबत यायला." मग म्हणाली, "चालेल."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. कागदावरचा हात तिने कधी उचलून घेतला, मला कळलं नव्हतं. बोटातलं रक्त केव्हाच थांबलं होतं. कापूस मात्र तिने तसाच दाबून धरला होता.